डावीकडच्या खुंट्या

"मी नाही उपटल्या," शेपूट म्हणाला. मघापासून तो हेच सांगत होता आणि मघापासून कुणीही ऐकत नव्हतं.

वखारीच्या फाटकात बांधकामावरचे मुकादम उभे होते. त्यांच्या मुठीत शेपटाच्या शर्टाची कॉलर होती आणि चेहरा असा लाल झाला होता, की जणू ते इथवर पळतच आले होते. समोर मामा. मामांच्या एका कानाला एक फोन आणि हातात दुसरा.

"तुमचं पोरगं काल आमच्या मैदानात खुंटी घेऊन तलवारबाजी करत होतं," मुकादम म्हणाले. "आज सकाळी बघतो तर भिंतीच्या आखणीच्या सगळ्या खुंट्या गायब. बांधलेल्या दोरीसकट. आणि ही काही पहिली वेळ नाही."

"माझं पोरगं नाही, भाचा आहे," मामा म्हणाले.

ठिणगीला वाटलं, आता मामा पुढे म्हणतील, की आमचा भाचा असं करणार नाही. पण मामा म्हणाले, "बरं, नव्या खुंट्या देतो लगेच. आणि तू रे, सुट्टी संपेपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे नाव तिला उगाच पडलेलं नव्हतं. शेपूट तिचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे मागे मागे यायचा, म्हणून शेपूट. काल संध्याकाळी तो मैदानात गेला होता तोही तिच्याच मागे. एक पडलेली खुंटी उचलून त्याने हवेत चार हात केले होते आणि ती जागच्या जागी ठेवून दिली होती. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मामा, अहो, मी होते ना त्याच्याबरोबर, त्याने—"

"हो हो, नंतर," मामा म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

मामा माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्यांची वखार खुंट्यांची होती. नुसत्या खुंट्या, बाकी काही नाही, आणि त्याही घाऊक. वीतभर लांबीच्या मेखांपासून माणसाच्या उंचीच्या काठ्यांपर्यंत सगळं तिथे रचलेलं असायचं. टोमॅटोला आणि वेलांना आधार द्यायला शेतकरी गठ्ठ्यांनी न्यायचे, नव्या रोपांसाठी बागवाले न्यायचे, आणि भिंत नाहीतर रस्ता कुठून जाणार हे जमिनीवर आखायला बांधकामवाले न्यायचे. दिवसभर टोकं काढायचं यंत्र घरघरत असे आणि ओल्या लाकडाचा वास अंथरुणापर्यंत येई.

मुकादम नव्या खुंट्यांचे गठ्ठे घेऊन गेले. शेपूट लाकडाच्या ढिगावर जाऊन बसला. तो रडत नव्हता, पण नाक मात्र सारखं ओढत होता.

"रिकामं बसू नका," मामा जाता जाता म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या परत आलेल्या खुंट्या निवडा. चांगल्या एकीकडे, मोडक्या एकीकडे."

"परत आलेल्या म्हणजे?" ठिणगीने विचारलं. पण मामा गेले होते.

उत्तर दिलं ढापणीने. ढापणी म्हणजे मामांची मुलगी. चष्मा जाड, बोलणं हळू, आणि कशाचीही घाई नाही. "रस्त्यावर नवी बाग केलीय ना, तिथल्या आजोबांना बाबांनी रोपांच्या आधाराच्या खुंट्या दिल्या होत्या. रोपं उभी राहिली की परत घ्यायच्या असं ठरलं होतं. त्या टेंपोकाका आणतात."

तिघं निवडायला बसली. काम कंटाळवाणं होतं. थोड्या वेळाने ठिणगीचा हात थांबला.

"ढापणे, रोपाच्या आधाराची खुंटी केवढी असते?"

"तुझ्या खांद्याएवढी तरी."

"मग या गुडघ्याएवढ्या कशा?"

ढापणीने चष्मा वर सरकवला. ढिगातली एक खुंटी उचलली, मग दुसरी. सगळ्या आखूड होत्या. डोकी घणाने ठोकून ठेचलेली, तंतू सुटलेले. टोकाची माती अजून ओली होती.

"आणि ही दोरी," शेपूट म्हणाला. तो आता नाक ओढायचा थांबला होता. फाटकाशी उभ्या असलेल्या टेंपोच्या मागच्या फळीला कोरी केशरी दोरी गुंडाळलेली होती. "मुकादमांच्या मैदानात अशीच होती. खुंटीपासून खुंटीपर्यंत बांधलेली. काल मी तिच्यावरून उड्या मारल्या होत्या."

"ते मुकादमांना सांगू नकोस," ठिणगी म्हणाली.

टेंपोकाका टेंपोच्या सावलीत चहा पीत गाणं गुणगुणत होते. ढापणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, परत आणायच्या खुंट्या तुम्ही कुठून आणता?"

"डावीकडच्या मैदानातून. तुझ्या बाबांनी सांगितलंय."

"कुणाच्या डावीकडच्या?"

"डावी बाजू एकच असते, बाळा," टेंपोकाका म्हणाले. "आणि काय व्यवस्थित माणसं आहेत तिथली. खुंट्या एका ओळीत, वर दोरीपण सोडून देतात."

"काका, ते मैदान चुकीचं असलं तर?" ठिणगीने विचारलं.

"तसं मालक सांगतील की मला. मी माझं डोकं चालवत नाही. डोकं चालवलं की घोटाळे होतात."

ठिणगीने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात आतून मामांचा चढलेला आवाज आला. "अहो आजोबा, नेल्या की खुंट्या. टेंपो भरून नेल्या. आता तुम्हाला तिथे दिसतायत त्याला मी काय करू? बरं बरं, राहिल्या असतील थोड्या. उद्या पहाटे पुन्हा पाठवतो."

ढापणी आणि ठिणगीने एकमेकींकडे पाहिलं.

मामींकडून बाहेर जायची परवानगी मिळाली. "तुझ्या मामांनी एकट्याला जायला बंदी केलीय," मामी शेपटाला म्हणाल्या. "तुझ्याबरोबर दोन मुली आहेत. चालू लागा. ते विचारणार नाहीत, आणि विचारलं तरी उत्तर ऐकायला थांबणार नाहीत."

रस्ता लांबलचक आणि सरळ होता. डाव्या हाताला नवी बाग लागली. ओळीने लहान झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या दोन बाजूंना खांद्याएवढ्या दोन खुंट्या. एकही उपटलेली नव्हती. उलट्या घातलेल्या बादलीवर बागवाले आजोबा बसले होते. या तिघांना पाहताच ते उठले.

"टेंपो आला?"

"नाही, आम्ही—"

"मग कशाला आलात? हे बघा." त्यांनी एका झाडाच्या खोडाला हात लावला. आधाराची दोरी सालीत रुतून तिथे खाच पडली होती. "झाडाला वाढू द्याल की नाही? रोज फोन करतोय. तुझा तो मामा म्हणतो, नेल्या. अरे, नेल्या तर या काय उगवल्यात?"

"आजोबा, टेंपो येतो," ठिणगी म्हणाली. "पण तो कुठे जातो तेच आम्ही शोधतोय."

समोर, रस्त्याच्या पलीकडे, मुकादमांचं मैदान होतं. मधे फक्त रस्ता. ठिणगी रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्हींकडे बघत राहिली. "मामा म्हणतात डावीकडचं. वखारीतून आलं की डावीकडे बागच आहे. मग काका तिकडे का जातात?"

शेपूट तिच्या पाठीशी उभा होता, पण तोंड उलटीकडे करून. त्याने डावा हात वर केला. तो हात मुकादमांच्या मैदानाकडे होता.

"ताई, माझी डावी बाजू ही आहे."

"तू उलटा उभा आहेस म्हणून. सरळ उभा—" ठिणगी मधेच थांबली.

"टेंपोकाका पहाटे बाजारात माल टाकायला जातात," ढापणी सावकाश म्हणाली, "आणि येताना खुंट्या घेऊन येतात. येताना."

मग ठिणगीला हसू यायला लागलं, आणि हसता हसता तिचा संतापही वाढत गेला. आजोबा ओरडतात, की खुंट्या नेल्या नाहीत. मामा टेंपो पाठवतात. टेंपोकाका मुकादमांच्या खुंट्या उपटून आणतात. मुकादम ओरडतात, की खुंट्या चोरीला गेल्या. मामा त्यांना नव्या खुंट्या देतात. आजोबा पुन्हा ओरडतात. आणि एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांमधे शिक्षा कुणाला? शेपटाला.

ती तिघं पलीकडे गेली. मुकादमांनी नव्या खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळ अगदी सरळ.

"आजवर दर वेळी आखणी मोजणीवाल्या बाईंनीच करून दिली होती," ढापणी म्हणाली. "त्या वखारीत खुंट्या निवडायला आल्या होत्या. आता रजेवर आहेत. मग या कुणी लावल्या?"

"अंदाजपंचे," ठिणगी म्हणाली. ती खाली वाकली होती. खुंट्या उपटून नेल्या तरी त्यांची भोकं काही कुणी नेली नव्हती. कडक मातीत ती तशीच होती, चौकोनी आणि स्वच्छ. त्या भोकांच्या मागे मागे ती चालत गेली. मैदानाच्या मध्यापर्यंत भोकांची ओळ नव्या खुंट्यांच्या शेजारूनच चालली होती. मग भोकं एकदम बाजूला वळली, मोठा वळसा घेतला आणि पुढे पुन्हा येऊन मिळाली.

"इथे वळण होतं," ती म्हणाली. "मुकादमांनी ते काढून टाकलंय. पण बाईंनी घातलं कशाला असेल?"

"यांच्यासाठी असेल," शेपूट म्हणाला. तो गवतात एका गोल लोखंडी झाकणावर उभा होता. थोड्या अंतरावर तसंच दुसरं झाकण होतं. भोकांची ओळ दोन्ही झाकणांना लांबून वळसा घालत होती. मुकादमांची सरळ ओळ मात्र बरोबर दोन्हींच्या मधून जात होती.

ढापणीने झाकणाला कान लावला. "खालून पाणी वाहतंय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात घाई होती.

मुकादम शेडमधे होते. ठिणगी धावत गेली. "मुकादमकाका, ती भिंतीची ओळ चुकलीय. खाली पाण्याची लाइन आहे, आणि तुमच्या खुंट्या—"

मुकादमांची नजर तिच्या पाठीमागे उभ्या शेपटावर पडली. "हा पुन्हा इथे? उद्या खोदाईचं मशीन येतंय आणि मला आता एकही खुंटी हललेली चालणार नाही. निघा."

"अहो, पण वळण होतं तिथे."

"वाकडी भिंत कधी कुणी बांधली आहे का? निघा म्हणतो ना."

वखारीत परतल्यावर मामांना गाठलं. ठिणगीने श्वास न घेता सुरुवात केली. मामा मान डोलावत होते. तिला वाटलं, या वेळी ऐकताहेत. मग ते म्हणाले, "शाब्बास, छान निवडल्यात खुंट्या," आणि ती समजली, की त्यांच्या कानात फोनचं यंत्र आहे आणि ते भलत्याच कुणाचं तरी ऐकताहेत.

"मी हात टेकले," ढापणी म्हणाली. ती लाकडाच्या ढिगावर बसली. "यांना सांगून काही होणार नाही."

"सांगायचंच नाही," ठिणगी म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले होते. "आजवर यांनी जे केलं तेच पुन्हा करू दे. फक्त पहाटे नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

ती तिघं पुन्हा बागेत गेली. ठिणगीने आजोबांना सगळा घोटाळा उलगडून सांगितला. आजोबांनीही तिला मधेच तोडलं, पण एवढंच म्हणाले, "मी फोन करायचा ना? कधी?"

"आत्ता. मामांना म्हणायचं, पहाटे टेंपो पाठवू नका, फाटकाला कुलूप असतं. मशीन सुरू होईल तेव्हा, नऊच्या पुढे पाठवा. आणि बाजारातून परत येतानाच."

"फोन करायला मला आवडतं," आजोबा म्हणाले. "ओरडायला मिळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बागेच्या कुंपणाआडून बघत होती. मशीन आलं. ठेकेदार आले, पांढरी गाडी, पांढरे बूट. मुकादमांनी हात दाखवला आणि मशीनच्या लोखंडी पंज्याने मैदानाच्या टोकाला जमिनीत पहिला घास घेतला. माती बाजूला पडली. मशीन थोडं पुढे सरकलं.

टेंपोचा पत्ता नव्हता.

"बाजारात अडकला असेल," ढापणी म्हणाली. ती चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होती.

पंजा खाली जात होता, वर येत होता. झाकणं अजून लांब होती, पण तितकीशी लांबही नाही. शेपूट उठला. "मी जातो आणि मशीनसमोर उभा राहतो."

ठिणगीने त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. "कुणीही मशीनसमोर जायचं नाही. एवढं तरी मोठ्या माणसांपेक्षा शहाणं असू दे." पण टेंपो आलाच नाही तर आपणच ओरडत धावायचं, पुन्हा हाकलून देतील तरी धावायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

आणि रस्त्याच्या टोकाला टेंपो दिसला. नेहमीसारखा, काहीही घाई नसल्यासारखा. तो मुकादमांच्या मैदानाशी थांबला. टेंपोकाका खाली उतरले, कमरेला फडकं बांधलं आणि गुणगुणत मशीनच्या पुढच्या टप्प्यातल्या खुंट्या उपटायला लागले. एक उपटायची, माती झटकायची, काखेत मारायची. दोरीही ते हातावर नीट गुंडाळून घेत होते.

मशीनवाला खुंट्यांच्या रेघेवर नजर ठेवून पुढे येत होता. समोरची रेघच नाहीशी व्हायला लागली. त्याने मशीन बंद केलं आणि नुसता बघत राहिला.

त्या शांततेत मुकादमांनी मागे वळून पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ए, काय करतोयस तू?"

"खुंट्या नेतोय," टेंपोकाका म्हणाले. "तुमचंच काम चाललंय. रोज फोन करून मालकांच्या डोक्याचा भुगा करता ना तुम्ही."

पुढे जे झालं ते एकाच वेळी झालं. मुकादम ओरडत होते, चोर सापडला. टेंपोकाका ओरडत होते, मी नोकरीतला माणूस. ठेकेदारांनी मामांना फोन करून बोलावून घेतलं. मामा आले तेच ओरडत आले. पलीकडून आजोबा बादली घेऊन आले आणि विचारायला लागले, की माझ्या खुंट्या कुणी नेणार आहे की नाही. चौघं-पाचजण बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं.

ठिणगी बराच वेळ थांबली. मग आजोबांच्या हातातली बादली घेतली, उलटी घातली आणि तिच्यावर चढली.

"गप्प बसा!"

सगळे गप्प बसले. मुख्यतः आश्चर्याने.

"टेंपोकाका, वखारीतून आलात तर डावीकडे काय आहे?"

"बाग," टेंपोकाका म्हणाले.

"आणि बाजारातून आलात तर?"

टेंपोकाका रस्त्याकडे बघत राहिले. त्यांनी एक हात वर केला, मग दुसरा. "अरेच्चा," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही म्हणालात डावीकडचं. कुठून येताना डावीकडचं, ते नाही म्हणालात. आजोबांच्या खुंट्या तिथेच राहिल्या, मुकादमांच्या तुमच्या वखारीत जाऊन पडल्या. आणि मुकादमकाका, शेपटाने एकही खुंटी उपटलेली नाही."

मुकादमांनी मान खाली घातली. पण लगेच वर केली. "असेल. पण आता माझी आखणी गेली त्याचं काय?"

"आखणी तुमची चुकीचीच होती. बरोबर आखणी ती बघा."

सगळ्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. मोठी माणसं भांडत होती तेवढ्यात शेपूट आणि ढापणीने टेंपोतल्या खुंट्या नेऊन जुन्या भोकांमधे एकेक करून खोचल्या होत्या. मैदानात आता ओळ उभी होती आणि तिला एक स्पष्ट वळण होतं. वळणाच्या आतल्या बाजूला दोन्ही लोखंडी झाकणं उन्हात दिसत होती.

ठेकेदार झाकणांकडे बघत राहिले. मशीनच्या पंज्याकडे पाहिलं. मग त्यांनी मोजणीवाल्या बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"वळण?" पलीकडून बाई म्हणाल्या. "ते मुद्दाम दिलंय. त्या झाकणांमधून सगळ्या वस्तीची पिण्याच्या पाण्याची लाइन जाते. अगदी वरवर आहे ती. निघताना मी मुकादमांना सांगत होते, तर ते म्हणाले, हो हो, माहीत आहे." मग त्या थोड्या थांबल्या. "कुणी सरळ तर नाही ना केलं?"

मशीनवाल्याने मशीनची किल्ली काढून खिशात टाकली.

मामा बादलीजवळ आले. त्यांनी एक फोन बंद केला. मग दुसराही. "काल तू हेच सांगत होतीस मला?"

"काल सकाळपासून, मामा."

"मग मी काय म्हणालो?"

"शाब्बास म्हणालात."

मामांना हसावं की लाजावं कळेना. "तेव्हा चुकीचं म्हणालो होतो," ते म्हणाले. "आता बरोबर म्हणतो. शाब्बास. तिघांनाही." ठेकेदारांनीही तेच म्हटलं. उपटलेल्या सगळ्या खुंट्या परत देतो, असं मामांनी त्यांना तिथेच सांगितलं. टेंपोकाका एव्हाना बागेत शिरले होते आणि आजोबा त्यांना एकेका झाडाची दोरी कशी सोडायची ते ओरडून शिकवत होते.

ठिणगी मात्र बादलीवरून उतरली नव्हती. ती मुकादमांकडे बघत होती. मुकादमांना ते कळलं. ते जड पावलांनी शेपटाजवळ गेले.

"मी तुझी कॉलर धरायला नको होती," ते म्हणाले. "तू सांगत होतास ते ऐकायला हवं होतं. चुकलं माझं."

शेपटाने ताईकडे पाहिलं, मग वळणावरच्या हातानेच खोचलेल्या खुंट्यांकडे. "या हलतायत," तो म्हणाला. "नीट ठोकायला हव्यात."

मुकादमांनी शेडमधून घण आणला. मोठा नव्हे, लाकडी दांड्याचा बेताचा. तो शेपटाच्या हातात दिला आणि स्वतः वळणावरच्या पहिल्या खुंटीपाशी गुडघ्यावर बसून तिला दोन्ही हातांनी धरलं.

"आधी कधी ठोकली आहेस का?"

"नाही," शेपूट म्हणाला.

मुकादम क्षणभर थांबले. हात मात्र त्यांनी काढून घेतले नाहीत. "मार," ते म्हणाले, आणि डोळे घट्ट मिटून घेतले.